दौलतमामांची पंगत

दौलतमामा चित्राचं तोंड आधी कधी पाहत नसत. चित्र हाती आलं की ते पालथं करत आणि पाठ पाहत. चौकटीचं लाकूड सागाचं की खोक्याच्या फळीचं, खिळे कोरे की ठोकून सरळ केलेले, कापड बाजारचं की घरातलं जुनं धोतर, सगळं बोट फिरवून तपासत. मग नाक लावून वास घेत. एवढी झडती झाल्यावरच चित्र सुलटं होई. "पाहुना दारात आला का मी आधी त्याची चप्पल पाहतो, बाबू," ते मला म्हणाले होते. "तोंड तं सारेच धुऊन येतेत."

माझ्या पहिल्या चित्राची पाठ त्यांनी बराच वेळ पाहिली. पाच फूट बाय चार फूट, काळंकरडं, मधोमध एक पिवळा फटकारा. नागपूरहून कलेचा डिप्लोमा घेऊन मी नुकताच तुमसरला परतलो होतो आणि जगाला हादरवायची मला घाई होती. मामांनी चित्र सुलटं केलं आणि खालची चिठ्ठी वाचली : 'अस्तित्व क्रमांक चार'.

"पहिले तीन कुठी हाय?"

"अजून काढले नाहीत."

"असं," मामा गंभीरपणे म्हणाले. "म्हंजे चवथ्याचं बारसं झालं, अन् पहिल्या तिघाईची माय अजून लग्नाची हाय."

ही गोष्ट सत्तरीच्या दशकातली. टीव्ही अजून आमच्याकडे यायचा होता आणि नवचित्रकला त्याच्याही आधी येऊन पोचली होती, कारण आम्ही पाच जण तिला नागपूरहून बोचक्यात बांधून घेऊन आलो होतो. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. जिल्ह्यातल्या निम्म्या ट्रकांच्या मागचे मोर माझे, आणि उरलेल्या निम्म्यांवर माझ्या मोरांची पिल्लं आहेत. एक होमिओपॅथ डॉक्टर होते. ते आपल्या गोळ्यांसारखे ठिपके काढत, तेही तेवढ्याच संयमानं. एक पोस्टातले कारकून, एक शाळेतल्या बाई. आणि सुधाकर. सुधाकर माझा बालमित्र. आम्हा दोघांना गोवर एकाच दिवशी आला होता. नागपूरला प्रवेश घ्यायला गेलो तेव्हा आमच्यात मिळून एकच कोट होता. मुलाखतीत ज्याचं नाव आधी पुकारलं जाई तो घालून आत जाई आणि बाहेर येता येता दारातच दुसऱ्याच्या अंगात चढवी. परीक्षकांना वाटलं, यंदा या कोटालाच प्रवेश द्यावा.

आमचं कलादालन म्हणजे एका राईस मिलचं गोदाम. मिलच्या शेठजींना डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तेव्हा जिवाला काहीतरी चव हवी म्हणून त्यांनी कला सुरू केली. भाऊबीजेपासून पुढे आठ दिवस गोदाम आमचं. तेव्हा जुनं धान निघून गेलेलं असे, नवं यायचं असे. शिवाय ते दिवस मंडईचे. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरेधायरे येतात, दंडारीचे नाच होतात, नाटकं होतात, आणि दिवसा मोकळी झालेली ही सगळी माणसं तुमसरच्या बाजारात उतरतात. त्या माणसांना आम्ही ग्रुप शो दाखवायचं ठरवलं. असं धाडस ज्यांनी जग पाहिलेलं नसतं तेच करतात.

गोदाम मिळालं ते मामांसकट मिळालं. ते तिथले गोदामकीपर. मूळचे बपेऱ्याचे, नदीपलीकडे मध्य प्रदेश दिसतो त्या गावचे. उंची अशी की थप्पीवरचं सगळ्यात वरचं पोतं त्यांच्याशी नजरेला नजर देऊन बोले. मिशा पांढऱ्या, आणि आवाज इतका खालचा की तो ऐकायला अख्खं गोदाम गप्प होई. उंदीरसुद्धा कुरतडणं थांबवत. यात मी काही वाढवत नाही. उलट उंदरांच्या भावना दुखावू नयेत म्हणून थोडं कमीच करतो आहे.

पण मामांची पंचक्रोशीत ख्याती होती ती वेगळ्याच कामाची. ते लग्नाच्या पंगती बसवत. पंगत वाढणारे शंभर मिळतात, बसवणारा एखादाच असतो. कुणाची कुणाशी बोलचाल बंद आहे, कुठल्या दोन व्याह्यांना एकमेकांचं तोंड दिसता कामा नये, कुणाला मान हवा आणि कुणाला फक्त वाऱ्याची जागा हवी, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. मामांनी बसवलेल्या पंगतीत वीस वर्षांचे वैरी एकमेकांच्या पानात बुंदी वाढताना मी पाहिलेत. म्हणजे मी नाही पाहिले, माझ्या काकांनी पाहिले. पण काका माझ्याइतकेच खरं बोलत.

माझी ओळख झाली तेव्हा मात्र त्यांनी पंगती बसवणं सोडलेलं होतं. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिल्या वर्षी आम्ही पाच जण दोन दिवस भिंतींवरून भांडलो. प्रत्येकाला दारासमोरची भिंत हवी होती. डॉक्टरसाहेब तर भिंतीखाली सतरंजी टाकून झोपले. मामा गोदामाच्या मध्यभागी बारदान्यावर बसून सुपारी कातरत हे पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमी लोक चित्र बसवून राहिले का खुंटीले सदरे टांगून राहिले?"

"मग कसं करायचं?" सुधाकरनं विचारलं.

"सारे खाली उतरवा. भिंतीले टेकवा. अन् पोट्टेहो, तुमी बाहेर जा. तुमच्या समोर ते खरं बोलत नाहीत."

आम्ही बाहेर गेलो. मामा अठ्ठावीस चित्रांमध्ये सकाळपासून दिवे लागेपर्यंत एकटे बसले. संध्याकाळी आत बोलावलं तेव्हा चित्रं नवी दिसत होती. आमचीच होती, पण नवी. बाईंच्या टाके घातलेल्या कापडाशेजारी डॉक्टरांचे ठिपके होते, आणि ते ठिपके आता गोळ्यांसारखे दिसत नव्हते. कुणीतरी सुई टोचून टोचून वाट पाहिल्यासारखे दिसत होते. पोस्टातल्या कारकुनाचं भडक लाल चित्र कोपऱ्यात एकटं होतं. "त्याले एकट्यालेच बसवा लागते. तिखट मानूस हाय. बाजूच्याले आपली भाजी फिक्की लागते." आणि दारासमोरची मानाची भिंत त्यांनी बाईंच्या सगळ्यात लहान चित्राला दिली होती. "मोठ्याले कुठंही बसवा, तो दिसतेच. लहान्याले दारासमोर बसवावं. पाहुना वाकून पाहते, अन् एकदा वाकला का मंग आत वाकूनच येते."

माझ्या 'अस्तित्व क्रमांक चार'शेजारी सुधाकर होता. ते चित्र म्हणजे हातभर कापडावर तिन्हीसांजेचं, बांधावरून दिसणारं रिकामं शेत, फक्त दोन आडवे पट्टे. माझा पिवळा फटकारा त्या शेताच्या कडेला कुणीतरी कंदील घेऊन निघाल्यासारखा दिसत होता. मी रागावून म्हणालो, "मामा, माझं चित्र शून्याबद्दल आहे."

"असन," मामा म्हणाले. "पन शून्याच्या बाजूले कोन बसला हाय ते तं पाह्य."

मग आठ दिवस त्यांनी लोकांना फिरवलं. रात्रभर नाटक पाहून डोळे लाल झालेली माणसं, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, खाणीतून सुट्टीवर आलेले मजूर, सगळ्यांना. कुणी विचारी, "दादा, याचा अर्थ काय?" तर मामा म्हणत, "पाहुन्याले कोनी अर्थ विचारते का? त्याले गाव विचार. कोनाचा कोन लागते ते विचार." आणि मग ते एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत असे चालत नेत की पाचही जणांची अठ्ठावीस चित्रं मिळून एका घराची गोष्ट होई. ठिपक्यांपाशी सून वाट पाहत बसे, लाल चित्रापाशी सासरा चिडे, माझ्या काळ्याकरड्यापाशी कंदील लागे. रोज गोष्ट वेगळी. आणि चित्रात नसलेलं एक अक्षर ते सांगत नसत. रंग, पट्टा, ठिपका, तडा, जे समोर आहे त्याकडेच बोट. बाया डोळे पुसत बाहेर पडत. नागपूरहून आलेले एक प्राध्यापक वही उघडून मागे मागे हिंडले आणि शेवटी वही मिटून त्यांनीही डोळे पुसले.

आता मी मोठ्या शहरांतल्या दालनांत जातो. चित्राशेजारी छापील कागद असतो, सुबक असतो. मी तो वाचतो आणि चित्र आणखी लांब जाऊन उभं राहतं. अशा वेळी मला त्या गोदामातला तो खालचा आवाज इतका आठवतो की मी भिंतीला कान लावायचा तेवढा बाकी राहतो.

असे चार-पाच ग्रुप शो छान झाले. मग हिरवा आला.

गावाबाहेरच्या बोडीवर, म्हणजे आमच्याकडच्या लहान तलावावर, मी आणि सुधाकर आश्विनात चित्रं काढायला बसायचो. एके दुपारी पाण्यात बसलेली म्हैस उठली. वरचं शेवाळ फाटलं, खालचं काळं पाणी दिसलं, आणि शेवाळ पुन्हा मिटलं. त्या मिटण्यात एक हिरवा होता. तसा हिरवा देवानं एकदाच घोटला असेल. आम्ही दोघांनी तो पकडायचा ध्यास घेतला. महिनाभर दोघांची नखं हिरवी होती. त्या वर्षी गोदामात दोघांचीही हिरवी चित्रं लागली, मामांनी शेजारी शेजारी बसवली.

मुंबईच्या एका दालनाचे गृहस्थ ते पाहून गेले. त्यांनी सुधाकरला आपल्या प्रदर्शनात घेतलं, आणि तो मुंबईलाच राहिला. पुढच्या वर्षी त्या प्रदर्शनाची पुस्तिका आली. तिच्यात आमच्या मंडळाबद्दल एक ओळ होती : 'इतर स्थानिक चित्रकारांवर सुधाकर यांच्या हिरव्याचा प्रभाव जाणवतो.' इतर स्थानिक म्हणजे मी. हिरवा काढणारा दुसरा होता कोण?

एका ओळीनं माणूस किती जळतो हे सांगायला गेलो तर तुम्ही म्हणाल, हा फुगवतोय. मी त्या रात्री पुस्तिका जाळली आणि सकाळी दुसरी प्रत मागवली, पुन्हा जाळायला. बाजारात, एसटी स्टँडवर, रंगाच्या दुकानात मी सांगत सुटलो की हिरवा आधी मी पाहिला. ती गोष्ट मी चाळीस तऱ्हांनी सांगितली. कधी म्हशी दोन असत, कधी सुधाकर झोपलेला असे, कधी तो तिथं नसेच. एक गोष्ट चाळीसही तऱ्हांत सारखी होती : पाहिलं मीच.

त्या वर्षी सुधाकर मुंबईहून चित्र घेऊन आला. मामांनी नेहमीसारखं माझ्या बाजूला बसवलं. तिसऱ्या दिवशी गोदाम माणसांनी भरलेलं असताना कुणीतरी त्याच्या हिरव्याचं कौतुक केलं आणि मी मोठ्यानं म्हणालो, "चोरलेला आहे तो. माझ्याकडून."

सुधाकरनं माझ्याकडे पाहिलं. "राजा," तो म्हणाला, "एकदा खरं बोल बे. एकदाच."

"बोललो की."

त्यानं भिंतीवरचं आपलं चित्र उतरवलं, काखेत घेतलं आणि तो सगळ्या माणसांमधून चालत बाहेर गेला. दुपारच्या गाडीनं मुंबईला.

भिंतीवर माझ्या चित्राशेजारी जागा रिकामी झाली. मी म्हणालो, मामा, बाकीची थोडी सरकवून घेऊ. मामा म्हणाले, "राहू दे." तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईनं त्या रिकाम्या चुन्याकडे बोट दाखवलं. "अन् हे कोनतं होय, दादा?"

"हे पान मांडून ठेवलं हाय, माय," मामा म्हणाले. "बसणारा हात धुवाले गेला. येते आता."

पुढच्या वर्षीही मामांनी ती जागा सोडली. माणसं विचारत, मामा सांगत. त्या कोऱ्या भिंतीचा रंग ते इतर कुठल्याही चित्राइतक्याच बारकाईनं दाखवत : इथं ओल आली, इथं खिळ्याचं भोक, इथं चुना दोन हातांचा, दोन वेगळ्या वर्षांचा. "पाहा, बसणारा उठला तरी जागेवर त्याची सावली राहते." मंडईला येणारी माणसं वर्षभरानं पुन्हा येत आणि दारातूनच ओरडत, "आला का गा तो?" मामा म्हणत, "निंघाला म्हनतेत." नसलेल्या चित्रासमोर एवढी गर्दी जमायची की असलेल्या चित्रांनी आत्महत्या करावी. माझ्या चित्रांनी तर विचार सुरू केलाच होता.

मला ते सहन होईना. प्रत्येक माणूस ती जागा पाहून शेवटी माझ्याकडे पाही. तिसऱ्या वर्षी मी बरोब्बर त्या जागेच्या मापाचं 'अस्तित्व क्रमांक पाच' रंगवलं आणि उद्घाटनाच्या सकाळी कुणी यायच्या आधी तिथं टांगून टाकलं. मामा आले. पाठ पाहिली नाही, वास घेतला नाही. चित्र उतरवलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बस."

मी बारदान्यावर बसलो. ते समोर बसले.

"फागू म्हनून मानूस होता," ते म्हणाले. "मी काट्यावर, तो पोत्यावर. अठरा साल. एकाच शिदोरीत जेवलो याच गोदामात. माह्या थोरल्या पोरीचं लगन होतं बपेऱ्याले. फागू आला, नवा सदरा घालून. गावच्या जुन्या लोकाईनं सांगतलं, मांडवातली पंगत आपली. त्याच्यासारख्याची बाहेर, निंबाखाली. म्या जिंदगीभर हजारो लोकाईले बसवलं, बाबू. कोन्या रुसल्याले कोनाच्या बाजूले बसवावं, मले सारं समजे. अन् त्या दिवशी मी फागूले म्हनलं, फागू, तू तिकडं बस."

सुपारी कातरायचा अडकित्ता त्यांच्या हातात तसाच उघडा राहिला होता.

"त्यानं दोन घास खाल्ले. पान दुमडलं. पोरीच्या हाती आहेर देल्ला, अन् गेला. मिल सोडली. चिखल्याच्या खाणीत लागला. दर साली जातो मी चिखल्याले. च्या पाजते, पोराईचं सांगते. जेव म्हनत नाही. अन् मी म्हनलं का फागू, चाल माह्या घरी जेवाले, तं हासते फक्त. तवापासून मी पंगत बसवनं सोडलं. चित्रं बरी. चित्राईले कोनी मांडवाबाहेर काढत नाही." त्यांनी माझ्या हातातल्या 'क्रमांक पाच'कडे पाहिलं. "अन् तू काढाले चालला."

मी चित्र घरी नेलं. ते आजही माझ्या माळ्यावर आहे, कुठं टांगलेलं नाही. पण सुधाकरला पत्र मी लिहिलं नाही. मान खाली घालायची तर आधी ती वळावी लागते, आणि माझी मान त्या काळी रेल्वेच्या रुळाच्या लोखंडाची होती.

आणखी तीन मंडया गेल्या. चौथ्या वर्षी दिवाळीआधीच मामांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. मुलानं त्यांना बपेऱ्याला नेलं. त्या वर्षी चित्रं बसवायची पाळी माझ्यावर आली. मी तिघांना बाहेर काढलं, बारदान्यावर बसलो आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक चित्र बोललं नाही. कसंबसं लावलं. ती जागा मात्र मी सोडली. मामांनी खिळ्याशी केलेली पेन्सिलची खूण होती, तिथून मोजून. माणसं आली, दारातून ओरडली, "आला का गा?" आणि मला पहिल्यांदा कळलं की या प्रश्नाला उत्तर द्यायला केवढी छाती लागत होती.

प्रदर्शनाच्या पाचव्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी बपेऱ्याला गेलो. मामा ओसरीवर खाटेवर होते. एवढा उंच माणूस, पण खाट त्यांना आता पुरत होती. बोलणं जड झालं होतं, समजत होतं.

"कसे बसले?" त्यांनी विचारलं.

मी एकेक चित्र सांगू लागलो. ते डाव्या हाताची बोटं हलवत, 'ते इकडं, ते तिकडं' असं दुरुस्त करत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "अन् आपलं पान?"

त्या चेहऱ्याकडे पाहून 'रिकामं आहे' म्हणवलं नाही. मी म्हणालो, "आलं, मामा. सुधाकरचं चित्र आलं. काल पार्सलनं."

त्यांचे डोळे उघडले. "पाठ पाहिली?"

"पाहिली. सागाची चौकट. मुंबईच्या लाकडाचा वास."

"मोठं हाय?"

"नाही, लहान. हाताएवढं." आणि मी सुटलो. थापा मारण्यात मी कधी कमी पडलेलो नाही. खाली काळं पाणी आहे म्हणालो, म्हशीची पाठ अर्धी वर आलेली आहे, पाठीवरून पाणी ओघळतंय, शेवाळ फाटलंय आणि कडेनं मिटत चाललंय. एक बगळासुद्धा घातला.

"हिरवा तोच?"

"तोच, मामा. बोडीवरचा."

"कोनाचा?"

इथं माझी गाडी थांबली. ओसरीवर मामांची सून तांदूळ निवडत होती, सुपाचा आवाज येत होता. चाळीस तऱ्हा माझ्या तोंडाशी आल्या आणि एकही बाहेर पडेना.

"त्याचा," मी म्हणालो. "मी... मी विडी पेटवत होतो, मामा. खाली पाहत होतो. म्हैस उठली तेव्हा त्यानं माझी मान धरून फिरवली. म्हणून मी पाहिलं. नाहीतर मला दिसलाच नसता."

मामांनी मान माझ्याकडे वळवली. मग तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसले.

"चित्र आलंच नाही ना, बाबू?"

"नाही."

"मले समजलं. झूट बोलतानी तू कधी अटकत नाहीस. शेवटच्या गोष्टीले अटकला." त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. "मंग मले कायले सांगून राहिला? ज्याचं हाय त्याले सांग."

तुमसरला उतरलो तो थेट पोस्टात गेलो. माझी पत्रं चार पानांखाली येत नाहीत. त्या कार्डावर पाच शब्द लिहिले : हिरवा तुझा. जागा ठेवली आहे.

प्रदर्शन संपलं, चित्रं उतरली, नवं धान यायला लागलं. त्याच आठवड्यात मामा गेले. बपेऱ्याच्या नदीकाठी मी होतो. चिखल्याहून एक थकलेला माणूस आला होता, हाताची बोटं खाणीतल्या दगडानं कायमची काळी झालेली. त्यानं लाकडं रचायला हात लावला, कुणी अडवलं नाही. मी त्याला नाव विचारलं नाही.

सुधाकर सहा दिवसांनी आला. कार्ड त्याच्या जुन्या पत्त्यावरून फिरून पोचलं होतं. मामा गेल्याचं त्याला स्टँडवरच समजलं होतं. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तो माझ्या घरी आला नाही, सरळ गोदामात गेला, आणि मिलचा माणूस मला बोलवायला आला.

गोदाम भरलं होतं. पोत्यांच्या थप्प्या छपरापर्यंत, मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट. नव्या धानाचा ओला, गोड वास. भिंत कुठंच दिसत नव्हती. सुधाकर थप्प्यांमध्ये उभा होता. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते त्याचे. माझेही झाले होते, पण मी ते आधी पाहिले नव्हते.

"कुठं होती बे जागा?" त्यानं विचारलं.

मी वाटेत शिरलो आणि पोत्यांवर हात ठेवला. "याच्या मागं. इथून सुरू." मी हात पसरला. "इथपर्यंत."

"एवढी?" तो म्हणाला. "माझी चित्रं तं हाताएवढी राहत होती."

"मीही मामांना हेच म्हटलं होतं एकदा. तं ते म्हणाले, 'बाबू, तो आला का तू बी सरकशील ना त्याच्याकडं. त्यात तुही जागा धरून हाय.'"

सुधाकरनं मान हलवली. काखेतलं पुडकं त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. मला त्याला खूप काही सांगायचं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा वाढवून सांगण्यासारखं काहीच सुचत नव्हतं.

बाहेरून हाळी आली, "बाजू! बाजू!" पाठीवर पोतं घेतलेला हमाल डोकं खाली घालून वाटेत घुसला. बाजू व्हायला दोन्हीकडच्या थप्प्यांच्या फटीत थोडी थोडी जागा होती. आम्ही दोघंही एकाच बाजूला सरकलो.